नव्या अन्नाचं पाकीट हातात आल्यावर धातूंचा हिशेब कसा मांडायचा

स्पिरुलिना, शेवग्याच्या पानांची पावडर, किड्यांच्या प्रथिनाचा बार, समुद्री शेवाळाचे चिप्स, करक्युमिनच्या गोळ्या. यातलं एखादं पाकीट घरात आलं की त्यावर 'लॅब टेस्टेड' आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' हे दोन शिक्के हमखास असतात. दुसऱ्या शिक्क्याला काहीच अर्थ नाही; आर्सेनिकही नैसर्गिकच आहे. पहिल्याला अर्थ आहे, पण रिपोर्ट मागवून वाचलात तरच, आणि वाचल्यावर तीन गोष्टींचा गुणाकार-भागाकार केलात तर: त्यात धातू किती, तुम्ही खाणार किती, आणि खाणाऱ्याचं वजन किती. नुसता पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग) आकडा बघून घाबरणं आणि नुसता 'मर्यादेत आहे' हा शेरा वाचून निश्चिंत होणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

हा हिशेब घरी कागदावर करता येतो. सातवीचं गणित पुरतं.

आधी ओळख: हे नेमकं काय आहे?

कायद्याच्या भाषेत 'नवं अन्न' म्हणजे माणसांनी पूर्वी फारसं न खाल्लेलं अन्न. युरोपीय संघाने त्यासाठी एक तारीखच ठरवून टाकली आहे. १५ मे १९९७ च्या आधी तिथे लक्षणीय प्रमाणात खाल्लं जात नव्हतं ते सगळं नवं, आणि ते विकायचं तर आधी सुरक्षिततेची तपासणी. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २२ मध्ये नव्या अन्नाचा विषय येतो, आणि मंजुरीसाठी एफएसएसएआयकडे (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे) करायच्या अर्जाचे नियम २०१७ चे आहेत. अर्जात वनस्पती किंवा प्राणी नेमका कोणता, कुठला भाग, कसा बनवला, घटक काय, कोण किती खाणार, आधी कुठे खाल्लं जात होतं, विषारीपणाच्या चाचण्या आणि अ‍ॅलर्जी असं सगळं द्यावं लागतं. ग्राहकाने हेच प्रश्न, थोड्या ढोबळपणे, पाकिटाला विचारायचे.

इथे सगळ्यात जास्त फसवणारा युक्तिवाद म्हणजे 'आपले पूर्वज हेच खात होते'. कुठला भाग, कुठल्या रूपात आणि किती खात होते, हे कोणी सांगत नाही. हळदीचंच घ्या. हळद आपल्या फोडणीत शेकडो वर्षं आहे. तिच्यात करक्युमिन साधारण ३ टक्के धरलं तर दिवसाच्या २ ग्रॅम हळदीतून ६० मिलिग्रॅम पोटात जातं. रंगद्रव्य म्हणून करक्युमिनसाठी ठरवलेलं रोजचं प्रमाण आहे किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. आता ९५ टक्के अर्काची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या: ४७५ मिलिग्रॅम. वर त्यात मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं, ते शोषण कित्येक पटींनी वाढवतं. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. भाजीतल्या हळदीचा इतिहास त्या गोळीला लागू होत नाही. गोळी नवं अन्नच आहे, भले नाव जुनं असो.

बस्तरमधली लाल मुंग्यांची चापडा चटणीही अशीच. तोंडी लावायला बोटभर चटणी वेगळी आणि रोज ३० ग्रॅम किड्यांची पावडर शेकमध्ये घालणं वेगळं. शेवग्याची भाजी आठवड्यातून एकदा आणि पानांची पावडर रोज दोन चमचे, तेही तसंच.

म्हणून पाकिटावर हे शोधा: शास्त्रीय नाव (नुसतं 'सुपरफूड ब्लेंड' लिहिलं असेल तर पाकीट परत ठेवा), वनस्पतीचा भाग, अर्क की अख्खी पावडर, अर्क असेल तर किती पट, आणि रोजचं सुचवलेलं प्रमाण. यातलं एकही नसेल तर पुढचा हिशेबच करता येत नाही.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न दोन ओळींत. पिवळ्या मीलवर्मला (खाण्यासाठी वाढवलेल्या एका अळीला) युरोपात २०२१ साली मंजुरी मिळाली, तेव्हाच तज्ज्ञांनी बजावलं होतं की कोळंबी-खेकड्याची किंवा घरातल्या धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना हे किडे बाधू शकतात. घरात कोणाला कोळंबीने गांधी उठत असतील तर किड्यांच्या प्रथिनाचा बार त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

कुठल्या अन्नात कुठला धातू शोधायचा

सगळे धातू सगळीकडे तपासून घेण्यात पैसे घालवू नका. प्रत्येक अन्नाची स्वतःची खोड असते. भात पाण्यात उभा असतो, त्या चिखलात ऑक्सिजन कमी असतो, आणि मातीतलं आर्सेनिक सुटं होऊन मुळांतून वर जातं. म्हणून तांदूळ आणि तांदळाचं सगळं काही (कोंडा, मुरमुरे, राइस केक, राइस मिल्क) आर्सेनिकसाठी बघायचं. आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं, त्यामुळे हातसडीचा तांदूळ या एका बाबतीत पांढऱ्यापेक्षा मागे पडतो. कोको आणि डार्क चॉकलेट कॅडमियमसाठी. समुद्री शेवाळ आयोडीन, कॅडमियम आणि आर्सेनिक तिन्हींसाठी. जपानी हिजिकी शेवाळात सेंद्रिय नसलेलं, म्हणजे खरं घातक आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते खाऊच नका असं सांगितलं आहे. मोठे शिकारी मासे पाऱ्यासाठी. मसाले शिशासाठी.

स्पिरुलिनाला धातूंबरोबर आणखी एक तपासणी हवी, मायक्रोसिस्टिनची. तलावातून गोळा केलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळात यकृताला मारक असं हे विष येऊ शकतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने क्लॅमथ तलावातल्या शेवाळाच्या उत्पादनांसाठी १९९७ मध्ये ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. टाकीत वाढवलेलं स्पिरुलिना त्या मानाने बरं, पण 'टाकीत वाढवलेलं' हे विक्रेत्याच्या तोंडून नको, कागदावर हवं.

लॅब रिपोर्ट वाचायची रीत

कंपनीला ईमेल करून तुमच्या पाकिटावरच्या बॅच नंबरचा रिपोर्ट मागा. दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी बॅचचा रिपोर्ट वेबसाइटवर टांगलेला असतो, तो चालणार नाही. धातू माती-पाण्यातून येतात आणि प्रत्येक खेपेला बदलतात. रिपोर्टवर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेची) खूण आहे का आणि ती त्याच चाचणीसाठी आहे का ते बघा. लॅबला मान्यता प्रथिनांच्या चाचणीची आणि रिपोर्ट शिशाचा, असाही प्रकार असतो.

मग एकक. मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजेच पीपीएम, आणि तेच मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. ही तिसरी वाचणी डोक्यात पक्की करा, कारण हिशेबात तीच कामाला येते. पीपीबी (अब्जात किती भाग) असेल तर हजाराने भागा.

सर्वांत मोठी गफलत आर्सेनिकच्या ओळीत होते. 'एकूण आर्सेनिक' आणि 'अकार्बनी आर्सेनिक' (वर म्हटलेलं सेंद्रिय नसलेलं, घातक) या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोळंबीत, माशात एकूण आर्सेनिक भरपूर निघतं, पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबीटाइन हे सेंद्रिय रूप असतं आणि ते लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं. तांदळात मात्र मोठा वाटा अकार्बनी असतो. म्हणून कोळंबीच्या रिपोर्टवर एकूण आर्सेनिक बघून घाबरायचं नाही, आणि शेवाळ किंवा तांदूळ असेल तर अकार्बनी वेगळं मोजून मागायचं. त्याला थोडे जास्त पैसे पडतात, पण त्याशिवाय तो आकडा बिनकामाचा.

'आढळले नाही' म्हणजे शून्य नव्हे. यंत्राला जिथपर्यंत मोजता येतं त्याच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी मोजणीची किमान पातळी लिहिलेली असते. ती तांदळातल्या आर्सेनिकसाठी १ पीपीएम असेल तर रिपोर्ट फाडून टाकलात तरी चालेल, कारण पॉलिश तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची मर्यादाच ०.२ पीपीएम आहे. अशा वेळी तज्ज्ञ हिशेब दोनदा करतात: एकदा धातू शून्य धरून, एकदा किमान पातळीइतका धरून. दोन्ही उत्तरं बरी आली तर बरं. दुसरं वाईट आलं तर लॅब बदला.

शेवटी, नमुना वाळलेला होता की ओला? वाळलेल्या शेवाळाचा आकडा भिजवलेल्या शेवाळाच्या वाटीला लावला तर उत्तर कित्येक पट फुगतं.

हिशेब

मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम गुणिले रोजचे ग्रॅम, भागिले वजन किलोत. उत्तर येतं: किलो वजनामागे रोज इतके मायक्रोग्रॅम. ते कशाशी ताडायचं, त्याचे आकडे असे:

कॅडमियम: आठवड्याला किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम (युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण, एफ्सा).
मिथाइल पारा: आठवड्याला १.६ (जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ या जागतिक अन्न व कृषी संघटनेची संयुक्त समिती, जेक्फा). एफ्साच्या मते १.३.
निकेल: रोज १३ (एफ्सा, २०२०).
शिसं: मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी रोज ०.५ हा संदर्भ.
अकार्बनी आर्सेनिक: रोज ०.०६ हा संदर्भ (एफ्सा, २०२४).

शेवटच्या दोन ओळी बाकीच्यांसारख्या नाहीत. कॅडमियम-पाऱ्याचा आकडा म्हणजे जन्मभर इतकं खाल्लं तरी चालेल असा अंदाज. शिसं आणि आर्सेनिकला तशी सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही. म्हणून ०.५ आणि ०.०६ हे 'इथपर्यंत खा' असं सांगत नाहीत. त्या पातळीला अपाय मोजण्याइतका दिसू लागतो. तुमचं उत्तर त्याच्या जितकं खाली तितकं चांगलं.

आता स्पिरुलिना. युरोपात पूरक आहारासाठी शिशाची मर्यादा ३ पीपीएम आहे. समजा पाकीट बरोबर त्या मर्यादेवर आहे. साठ किलोच्या माणसाने रोज ५ ग्रॅम घेतलं: ३ × ५ = १५, भागिले ६० = ०.२५. संदर्भ आकड्याच्या निम्मं एकट्या स्पिरुलिनाने संपवलं. तेच पंधरा किलोच्या मुलाला 'हुशारीसाठी' म्हणून २ ग्रॅम दिलं: ६ भागिले १५ = ०.४. बाकीच्या दिवसभराच्या जेवणाला फक्त ०.१ उरलं. मर्यादेत बसणारं पाकीट मुलासाठी योग्य असेलच असं नाही, ते यामुळे. मोठी माणसं पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहावा भाग शोषतात, लहान मुलं निम्म्यापर्यंत. ज्याच्या अंगात लोह कमी त्याचं शोषण आणखी जास्त, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत. लोह आणि कॅल्शियम नीट असणं हा शिसं-कॅडमियमवरचा स्वस्तातला उपाय आहे, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

तांदळाचा हिशेब मुद्दाम करून बघा, कारण तो अस्वस्थ करतो. समजा अकार्बनी आर्सेनिक ०.१ पीपीएम, म्हणजे कोडेक्सच्या मर्यादेच्या निम्मं. दिवसाला २०० ग्रॅम कच्चा तांदूळ खाणारा साठ किलोचा माणूस: २० भागिले ६० = ०.३३. संदर्भाच्या पाचपटीहून जास्त. बारा किलोचं मूल ७० ग्रॅम तांदूळ खात असेल तर ०.५८, जवळजवळ दहापट. याच आर्सेनिकसाठी जेक्फाने २०१० साली ३ हा आकडा धरला होता, आणि त्याच्याशी ताडलं तर मोठा माणूस नऊपट खाली राहतो. समित्यांनी वेगवेगळे अभ्यास आणि अपायाची वेगवेगळी पातळी धरली म्हणून एवढं अंतर. माझं मत विचाराल तर: भात सोडायचा नाही, पण तान्ह्या बाळाचा पूर्ण आहार तांदळाच्या पिठावर आणि मुरमुऱ्यावर ठेवायचाही नाही. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना राइस मिल्क देऊ नका असा सरकारी सल्ला आहे. आपल्याकडे नाचणी सत्त्व घरात असतं, त्याला अर्धी पाळी द्या.

मासे. समजा मुशीत (लहान शार्कमध्ये) मिथाइल पारा (माशांत साठणारं पाऱ्याचं रूप) १ पीपीएम आहे आणि आठवड्याला १५० ग्रॅम खाल्ली: १५० भागिले ६० = २.५, मर्यादेच्या वर. बांगड्यात ०.०५ धरला तर आठवड्याला ३०० ग्रॅम खाऊनही ०.२५. मुशी, मोठी सुरमई, तलवार मासा हे गर्भारपणात आणि लहान मुलांना नकोत. बांगडा, तारली, मांदेली हवेत तेवढे. बाजारात जो मासा स्वस्त तोच इथे चांगला, असा योग क्वचित येतो.

मर्यादेत असूनही जास्त

हळदीचा मुद्दा पुन्हा येतो, या वेळी शिशासाठी. भारतात हळदीसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. पंधरा किलोच्या मुलाच्या पोटात दिवसाला १ ग्रॅम हळद गेली तर १० भागिले १५ = ०.६७. म्हणजे कायद्याने निर्दोष हळदीनेही संदर्भ ओलांडला. प्रत्यक्षात चांगल्या हळदीत शिसं याहून कितीतरी कमी असतं. प्रश्न भेसळीचा आहे. हळकुंडं पॉलिश करताना पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळतात. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं; सरकारने धाडी घातल्या, गिरण्यांमध्ये जाऊन यंत्राने जागच्या जागी तपासणी केली, आणि २०२१ मध्ये प्रमाण शून्यावर आलं. दक्षिण आशियातल्या शहरांच्या पाहणीत पाटणा, कराची आणि पेशावरच्या काही नमुन्यांत शिसं १००० पीपीएमच्या वर निघालं. २०२३ मध्ये अमेरिकेत मुलांच्या सफरचंद प्युरीत शिसं सापडलं, ते दालचिनीतून आलेलं. ग्लासभर पाण्यात हळद टाकून बघण्याच्या घरगुती चाचणीने शिशाचं प्रमाण कळत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा खात्रीच्या आडतीवरून न रंगवलेली, मळकट दिसणारी हळकुंडं घेऊन दळून आणणं, एवढं हातात आहे.

एका ताटाची बेरीज

पाकिटाचा हिशेब झाला की घरातलं बाकीचंही मांडा: मसाले, भात, बोअरचं पाणी, धातूंची भस्मं घालून केलेली औषधं, शिसं मिसळलेल्या कथलाची कल्हई. आणि रोजचं मुख्य धान्य नवं नाही म्हणून सोडू नका. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर संशय, मग शाम्पूवर. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत बोट रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे गेलं. तो गहू पंजाबकडून आलेला, आणि पंजाबच्या काही पट्ट्यांतल्या मातीत सेलेनियम जास्त आहे, हे शेतीशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं.

सेलेनियम शरीराला लागतंही, म्हणून इथे खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असतात. मोठ्या माणसासाठी वरची २५५ मायक्रोग्रॅम रोज (एफ्सा, २०२३). गव्हात सेलेनियम १ पीपीएम असेल आणि दिवसाला ३०० ग्रॅम पीठ खाल्लं तर ३०० मायक्रोग्रॅम. मर्यादा गेली. ज्याचं ताट भरलेलं आहे तो चार प्रकारचं धान्य खातो आणि वाचतो; ज्याचं पोट एकाच धान्यावर आहे त्याचा घात करायला तो एक आकडा पुरेसा. जस्त, लोह, तांबं यांच्या गोळ्या चालू असतील तर पावडरमधलंही प्रमाण त्यात मिळवा, दोन्हीकडून चढत जातं.

स्वयंपाकघरात काय कमी करता येतं

भाताचं आर्सेनिक. शेफील्ड विद्यापीठाने २०२० मध्ये तपासलेली रीत अशी: एका भांड्याला चार भांडी पाणी उकळायचं, तांदूळ घालून पाच मिनिटं शिजवायचा, पाणी फेकायचं, मग दोन भांडी ताजं पाणी घालून मंद आचेवर झाकून जिरवायचा. पांढऱ्या तांदळातलं सुमारे पाऊण आणि ब्राउन राइसमधलं निम्म्याहून जास्त आर्सेनिक निघून जातं. कोकणात भात वेळतात ते जवळपास हेच. फरक एवढा की वेळलेलं पाणी पेज म्हणून प्यायलं तर आर्सेनिकही त्याच्यासोबत पोटात. आणि पाण्यातच आर्सेनिक असेल, जसं बंगाल-बिहारच्या काही हातपंपांत आहे, तर जास्त पाण्यात शिजवून ते वाढतं. कुकरमध्ये आर्सेनिक कुठेही जात नाही, पाणी आतच जिरतं.

कॅडमियम आणि पारा धुण्या-शिजवण्याने फारसे निघत नाहीत. तिथे निवड आणि प्रमाण हेच उपाय.

शंका पक्की झाली तर

मुलाला एखादी पावडर महिनोन्महिने दिली असेल आणि हिशेब वाईट आला असेल तर रक्तातल्या शिशाची चाचणी करून घ्या, शिरेतून काढलेल्या रक्ताची. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही संदर्भ पातळी धरली आहे; त्यावर आकडा आला तर बालरोगतज्ज्ञांकडे रिपोर्ट घेऊन जा आणि आधी स्रोत थांबवा. केस कापून पाठवायच्या 'मिनरल टेस्ट'च्या जाहिरातींना पैसे देऊ नका, केसांवर बाहेरून बसलेली धूळही त्यात मोजली जाते. अंगातले धातू 'डिटॉक्स' करणाऱ्या पावडरींमध्ये माती आणि शेवाळ असतं, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून हिशेब.

पाकीट फेकू नका. उघडलेलं असलं तरी बिल, बॅच नंबर आणि उरलेला माल जपून ठेवा. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्नाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि नमुना दोषी निघाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, म्हणून तपासणीसाठी त्याच बॅचचं नवं, सीलबंद पाकीट घ्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर करता येते. तक्रारीत 'चव वेगळी लागली' असं लिहू नका. बॅच नंबर, रिपोर्टमधला आकडा, सुचवलेलं प्रमाण आणि मुलाचं वजन धरून केलेला भागाकार लिहा.